दोघींत एक वल्हं

आक्का, तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या भाऊंनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर करून टाकलं की पल्याडचं रान बटईनं दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि नदीवरचा चप्पू कुणी मागितला तर देऊन टाकायचा. तुझ्या नवऱ्याचा स्वभाव तुला माहीत आहे, निकाल आधी आणि विचार नंतर. "आता पाण्यात जायाला आपल्या घरात बाई न्हाई राह्यली," म्हणाले. मी तिथंच चुलीपाशी बसले होते. बाई नाही राहिली! मग मी कोण होते, म्हैस?

तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. तेव्हापासून जी तगमग लागली आहे ती काही केल्या थांबत नाही. भाकरी टाकते तर करपते. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघते आणि गिरणी मागं टाकून पुढं चालत राहते. रडावं म्हटलं तर धड रडूही येत नाही, मध्येच रागच येतो. म्हणून शेवटी लिहायला बसले. तू असतीस तर हसली असतीस. "परतूरची शाळा शिकेल जाऊ आली आमच्या घरात, आन् वाचती काय, तर खताच्या पिशव्या," असं तू अख्ख्या आळीला सांगत फिरायचीस.

आणखी एक. चारचौघांत मी तुला कायम अहोजाहो केलं, पदर सरळ करून. इथं मात्र अगंतुगंच करणार आहे, कारण पाण्यावर तसंच बोलायचं हा नियम तूच घातला होतास. "मी बुडाय लागले आन् तू 'अहो आक्का, तुम्ही बुडून राह्यल्या का' असं इचारत बसलीस, तर तवर मी नांदेडला पोचन." पाण्यावर मानपान नसतो, हे तुझं म्हणणं. तू थोरली जाऊ आणि मी धाकटी, ते काठावर चपला काढून ठेवतो तसं ठेवायचं आणि परत येताना घालायचं.

आपलं निम्मं रान नदीच्या पल्याड. मी लग्न होऊन आले तेव्हा पात्रातून बैलगाडी जायची, गुडघाभर पाण्यात पोरं खेळायची. मग खाली बंधारा झाला, पाणी तुंबलं आणि गाडीवाट पाण्याखाली गेली. पूल लांब. जीपमध्ये कोंबून घ्यायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून उन्हात पाय ओढत जायचं, म्हणजे कापूस वेचायला हात लागायच्या आतच दिवस अर्धा संपायचा. भाऊ आणि आमचे हे अजूनही तसेच जातात. या घरातल्या पुरुषांना पाणी फक्त प्यायला लागतं. मग तू चप्पू करवून घेतलास. थर्माकोलचे जाड ठोकळे, त्यावर शिवलेली पोती, खाली बांबूची चौकट, वर एक रुंद फळी. बघायला ती वस्तू अशी होती की माझी आई परतूरहून आली तेव्हा म्हणाली, याच्यावर मी वाळवणसुद्धा घालणार नाही.

त्यावर उभं राहायचं. बसून वल्हवलं तर चालत नाही का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. तू मला मधोमध नेलंस आणि खाली बोट दाखवलंस. बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याखाली हात-दीड हातावर काळे काळे उभे होते. बसलेल्या माणसाला पाण्यावर नुसतं आभाळ दिसतं, उभ्या माणसाला तळातलं दिसतं. एखाद्या खुंटानं पोतं फाडलं की मग थर्माकोलचे दाणे वेचत बसावं लागलं असतं. त्या दिवशी तू माझ्या कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधलास, बूच घट्ट लावून. दोन वर्षं बांधत होतीस. मी पोहायला शिकले तरी बांधत होतीस.

आणि वल्हं! आक्का, त्या वल्ह्यावरून आपण जितक्या भांडलो तितक्या सासूवरून पण भांडलो नाही. एका टोकाला फळीचं पातं ठोकलेला तो बांबू मला पहिल्या दिवसापासून नको होता. लांब होता. पातं पाण्यात पुरतं बुडवलं की माझा वरचा हात पार डोक्याच्या वर जायचा, पदर पडायचा, खांदे भरून यायचे, आणि पातं पाणी मागं ढकलायचं सोडून चप्पूखाली शिरायचं. चप्पू जागच्या जागी गरगर फिरायचा. तू पुढच्या टोकाला बसून विचारायचीस, "सुले, जायाचं कुठं हाय? देवाला प्रदक्षिणा घालून राह्यली का?" मी म्हणायचे वल्हं लांब आहे. तू म्हणायचीस, नाचता येईना अंगण वाकडं.

पण खरी गंमत मला उशिरा कळली. तू तर माझ्याहून चांगली वीतभर उंच, आणि वल्हं तुलाही लांबच होतं! तुझाही हात डोक्याच्या वरच जायचा. तू फक्त ताकदीनं ओढून न्यायचीस. मग ते मोजलं तरी कुणाच्या मापानं? विचारलं तर तू अगदी सहज सांगितलंस, "ह्यांच्या हातानं. घरातलं लाकूड कर्त्या माणसाच्या हातानं मोजावं."

चार हात आणि वर एक वीत, हे माप मच्छीमारांनी सांगितलेलं. पण त्यात ज्यानं त्यानं आपापला हात धरायचा असतो, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. उंच माणसाचा हात लांब, बुटक्याचा आखूड, म्हणजे वल्हं आपोआप ज्याचं त्याच्या अंगाला बसतं. साधी गोष्ट. पण आपल्या घरात चौकट असो, बाज असो की औताचं लाकूड, हात भाऊंचा. म्हणून जो माणूस जन्मात चप्पूवर पाय ठेवणार नव्हता, त्याच्या हाताचं वल्हं आपण दोघी बायका सात-आठ वर्षं ओढत होतो! मी त्या दिवशी एवढी हसले की चप्पू डुलायला लागला. तू हसली नाहीस. "कर्त्या माणसाचं माप हाय ते. त्याला बोट लावायचं न्हाई," म्हणालीस. मला खरंच राग आला होता. तू बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर हात ठेवून त्याला घाम फोडणारी बाई. आणि घरात मात्र एका बांबूला भ्यायचीस.

आपलं दुसरं भांडण जास्त खोल होतं, आणि ते तसंच राहिलं. जाताना चप्पू रिकामा असतो, वर तरंगतो. येताना कापसाची गाठोडी रचली की तो खाली बसतो, आपण पाण्याच्या जवळ येतो, आणि मग तेच वल्हं आणखी लांब वाटायला लागतं. जाताना मी वल्हवायचे, येताना तू. मला ओझं घेऊन येता आलंच नाही कधी. मी दोनदा हट्टानं धरलं आणि दोन्ही वेळा अर्ध्या पाण्यात तुझ्या हातात दिलं. मी म्हणायचे, कधी काळी नवीन वल्हं केलंच तर जातानाचं माप धरू, हलका चप्पू जास्त हलतो, तिथं नीट पकड हवी. तू म्हणायचीस, "याडी हैस. जाताना पडली तर भिजशील, दुसरं काय? येताना सालाची कमाई असती संगं. माप धरायचं तर येतानाचं." मी म्हणायचे, येताना तू आहेसच की. तोंडातली सुपारी इकडची तिकडं करायचीस आणि खुंट बघायला लागायचीस.

एकदा मी ठरवलं की बोलून उपयोग नाही, करूनच दाखवू. सुताराकडून एक सरळ बांबू आणला. तू चुलीपाशी उभी राहून डाळ घोटत होतीस. मी हळूच मागून गेले, बांबू तुझ्या पाठीला लावला आणि कोळशानं डोक्याच्या वर वीतभर खूण करायला गेले, चार हात म्हणजे जवळपास ज्याची त्याची उंचीच. तू वळून पाहिलंस. आक्का, तुझा तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "अगं ए भवाने! जित्या माणसाला बांबू लावून मोजती व्हय? तिरडी बांधायची का माझी?" तू तो बांबू हिसकावलास, पायाखाली धरून मोडलास आणि तिथंच चुलीत घातलास. चांगला कोरा बांबू. मग दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस आणि संध्याकाळी आपणहून माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढलीस, म्हणजे भांडण मिटलं असं मी समजायचं.

हे सगळं मला या दिवाळीनंतर आठवायला नको होतं. पहिली वेचणी झाली, तू म्हणालीस अंग दुखतंय. मग ताप. मग डोळे पिवळे. घनसावंगीला नेलं, तिथून जालन्याला. तू जीपमध्ये बसताना मला म्हणालीस, "दुसरी येचणी थांबणार न्हाई माझ्यासाठी. तू बघ." मी म्हणाले, तू आधी बरी होऊन ये, मग बघू. यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही मला. एवढ्या वर्षांचं बोलायचं होतं आणि मी कापसाचं बोलले.

जालन्याहून तुला आणलं, तेव्हा अंगणात पुरुषमंडळी तिरडी बांधत होती. बांबू किती ठेवायचा यावरून त्यांच्यात बोलणं चाललं होतं, कुणी म्हणे एवढा पुरेल, कुणी म्हणे आखूड पडेल, बाई उंच होती. मग भावकीतल्या एकानं सरळ बांबू उचलला आणि तुझ्या बाजूला आडवा ठेवला. मी बायकांत बसले होते. सगळ्या हंबरडा फोडत होत्या, आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? मनात आलं, हे झालं तुझं माप, याच्यावर आणखी वीतभर धरलं की वल्हं झालं. भाऊंच्या हातानं झालेलं त्याहून कितीतरी लांब होतं. मी बरोबर होते, आक्का. मला ते ओरडून सांगायचं होतं, आणि ऐकायला तू तिथंच होतीस, हिरवं लुगडं नेसून. असं कुणाच्या मनात येतं का अशा वेळी? येतं बहुतेक. आणि आलं म्हणून मी तुझ्यावर माया कमी करत होते असं नाही.

तर बटईचं. भाऊंनी सांगितल्यावर मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी निकालासाठी पंचाकडं बघावं तसं छताकडं बघितलं. मी म्हणाले, दुसरी वेचणी उभी आहे, बोंडं उलून पार लोंबायला लागलीत, वेचून तर आणू. भाऊ म्हणाले, "आणणार कोन? तू? तुला भरेल चप्पू आणता येतो का?" आक्का, त्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. येत नव्हता. सगळ्या गावाला माहीत होतं. जाताना सुली, येताना गया. मी एकदा का बटईला हो म्हटलं असतं, तर तुझं आणि माझं जे काही होतं ते तिथंच संपलं असतं. घरात आपण दोन जावा होतो, दोन चुली मांडण्यापर्यंत जाऊ शकणाऱ्या. खरी सोबत त्या पाण्यावर होती. ते रान गेलं असतं तर मला तू कुठं भेटली असतीस?

मी म्हणाले, घोडामैदान जवळच आहे. उद्या आणते.

म्हटलं खरं.

सकाळी करवत घेऊन काठावर गेले. ठरवून गेले होते की वल्हं कापायचं. कर्त्या माणसाचं माप असो नाहीतर देवाचं, मला एकटीला ओझं आणायचं तर लांब वल्ह्यानं ते जमणार नाही, हे मला दोनदा कळलं होतं. चप्पू बाभळीला बांधलेला होता, तू बांधतेस तशा गाठीनं. वल्हं वर फांदीत खोचलेलं. काढलं तर मुठीला नवीन चिंधी. तुझ्या जांभळ्या लुगड्याची. मला वाटलं पहिल्या वेचणीनंतर बांधली असशील, हाताला टोचू नये म्हणून. कापायला हवं म्हणून ती सोडवायला लागले. सोडवता सोडवता आत मेण लागलं, आणि मेणाखाली बांबूचं तोंड. पांढरं, नुकतं कापलेलं.

आधीच कापलेलं होतं, आक्का. दोन वीत तरी. आणि पेरापाशी नाही, जिथं कुणीही शहाणा माणूस कापतो, पाणी शिरू नये म्हणून. मध्येच, दोन पेरांच्या मध्ये, जिथं माप येत होतं तिथं. म्हणून तर ते मेण.

मी खाली बसले. मग माझा हात लावून बघितला, कोपरापासून. चार हात भरले आणि वीत पुरी भरली नाही, बोटभर कमी. तुझ्या हाताचं तर ते नव्हतंच. तुला तर ते ठेंगणं झालं असतं, वाकावं लागलं असतं. कधी मोजलंस मला? कशानं? मी झोपलेली असताना हात धरलास की काय? की पुढच्या टोकाला बसून, माझी थट्टा करता करता, नजरेनंच? बोटभर चुकलीस. करवत तशीच बाभळीपाशी ठेवली आणि दोर सोडला.

जाताना मी तुला शिव्या घातल्या. हो, घातल्या. बोटभर कमी म्हणजे कमीच, रिकामा चप्पू वर तरंगत होता, दर ओढीला मला कमरेत वाकावं लागत होतं. मी मोठ्यानं म्हणत होते, एवढं धाडस केलंस, भाऊंच्या मापाला करवत लावलीस, तर मग नीट तरी मोजायचंस! मला विचारायला काय झालं होतं तुला? मी काय नाही म्हणाले असते? समोरून ढोरं पाणी पाजायला आणणारा एक माणूस बघत राहिला. बघू दे.

पल्याडच्या दोघी बायका आल्या होत्या, तिघींनी मिळून दुपार कलेपर्यंत वेचलं. त्यांनी तुझं विचारलं. मी सांगितलं. एक म्हणाली, "लई मोठ्यानं बोलायची बाई, हितवर आवाज यायचा." मग त्यांनीच गाठोडी चढवून दिली. दोन मागं, एक पुढं, जिथं तू बसायचीस तिथं. चप्पू करकरला आणि खाली बसला. कडेनं पाणी पोत्याला लागलं. मी फळीवर उभी राहिले.

पहिली ओढ मारली आणि थांबले. पुन्हा मारली. वरचा हात कपाळापाशी होता. डोक्याच्या वर नाही, छातीशी नाही, बरोबर कपाळापाशी, पातं पुरतं बुडालेलं, पाठ सरळ. चप्पू एका रेषेत निघाला. मला खालच्या बाभळी दिसत होत्या, एक एक. मी त्यांच्यामधून तो भरलेला चप्पू नेत होते आणि रडत होते, कारण तू बोटभर चुकली नव्हतीस. तू येतानाचं माप धरलं होतंस. येताना वल्हं मारायला तू होतीसच की, आक्का. मग माझं कशाला धरलंस?

काठावर भाऊ उभे होते. ह्यांच्या हातात दोर. भाऊ पाण्यात उतरले. घोट्याच्या वर पाणी आलं तरी उतरले आणि पुढचं गाठोडं उचलायला वाकले. मी म्हणाले, रान बटईनं द्यायचं नाही. ते म्हणाले, "बरं." मग गाठोडं खांद्यावर घेऊन, माझ्याकडं न बघता म्हणाले, "घनसावंगीला न्यायच्या आधल्या दिशी करवत मागून नेली तिनं. ताप असताना. मी म्हणलो, हात देतो मोजायला. तर म्हणली, तुमचा नको."

हे मला काठावर, सगळ्यांसमोर कळलं, त्यामुळं मी तिथं काही बोलू शकले नाही. आता बोलते. तू एवढ्या तापात नदीवर गेलीस आणि मला सांगितलं नाहीस, याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. मला न विचारता तू एकटीनं ठरवलंस की मी एकटी येणार आहे. निदान भांडायला तरी द्यायचंस. मी म्हणाले असते, नाही, जातानाचंच माप धर, आपण दोघी जाऊ, येताना तू आहेसच.